वरचे चार स्वर

वडिलांच्या कॉम्प्युटरवर त्रेचाळीस प्रोग्राम होते. त्यांतले नऊ बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडले होते. मुलीने आठ काढून टाकले. नवव्यापाशी वडील आडवे आले.

वडील पियानो सुरात लावून देत, आणि हा प्रोग्राम त्याच कामाचा होता. पियानोची कुठलीही पट्टी निवडली की तिचा नेमका स्वर स्पीकरमधून येई. महिन्यापूर्वी मुलीने वडिलांनी लावलेला एक पियानो वाजवून पाहिला होता. अगदी वरच्या पट्ट्यांना स्वरच नाही, नुसती लाकडाची टकटक येते, असं तिने आईला सांगितलं. मुलगी विज्ञान शिकलेली. ती उगाच बोलायची नाही. तेव्हापासून आई वडिलांच्या मागे लागली होती की कान गेले, आता काम आवरतं घ्या. वडिलांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यामुळे आईची तर खात्रीच पटली.

मुलीने हेडफोन गळ्यात उतरवला आणि एकेक पट्टी वाजवली. शेवटचे चार स्वर मुके निघाले. तिने स्पीकरची वायर हलवून पाहिली. मग तिला कोडं सुटल्यासारखं वाटलं. प्रोग्राम जुना, सिस्टिम नवी. वरच्या टोकाला दोघांचं जमत नसणार.

"वाजतात की," वडील म्हणाले. "चारही वाजतात."

न वाजणारे स्वर ते सवयीने ऐकत असतील, तर आईचंच खरं होतं. पण नुसत्या शंकेवर त्यांचं काम बंद करणं मुलीला पटेना. तिने प्रयोग मांडला. वडिलांनी पाठ करून बसायचं. तिने नाणं उडवायचं. छापा पडला तर सगळ्यात वरचा स्वर लावायचा, काटा पडला तर आवाज पूर्ण बंद ठेवायचा. सुगावा लागू नये म्हणून माउसचा क्लिक मात्र दोन्ही वेळा करायचा. स्वर ऐकू आला की वडिलांनी हात वर करायचा.

"आणि नापास झालो तर, शास्त्रज्ञबाई?"

"तर बाबा, उद्यापासून तुम्ही घरी."

दहा खेपा झाल्या. छापा पडला की वडिलांचा हात वर जाई. काटा पडला की तो मांडीवर स्वस्थ पडून राही. एकदाही चूक झाली नाही.

तोच स्वर पुन्हा वाजवत मुलीने स्पीकरच्या जाळीला कान लावला. मग उठून वडिलांना आपल्या खुर्चीत बसवलं, माउस त्यांच्या हाती दिला आणि स्वतः पाठ करून बसली.

पुन्हा दहा खेपा. छापा सहा वेळा पडला. तिचा हात एकदाही वर गेला नाही.