तुझा तर बोलतो!

प्रदर्शनासाठी आम्ही खनिजांची पेटी मांडत होतो. अख्खा वर्ग माझी मैत्रीण आवडी हिच्याच दगडाभोवती घोंगावत होता. कुंडलिका नदीच्या पात्रात तिला तो सापडलेला, काचेसारखा लखलखीत. माझा विहिरीच्या खोदकामातला, मळकट! मी नुसती जळत होते. “रूप बघू नका, आत काय आहे ते आम्ल टाकून बघा, त्यावरून पेटीतला खण ठरेल,” सर म्हणाले. ड्रॉपर मीच पटकावला आणि आम्लाचा थेंब आधी तिच्या दगडावर सोडला. म्हटलं, होऊ दे वाटोळं! काहीच झालं नाही. “गारगोटी,” सर म्हणाले, “सिलिकेटचा खण.” नाक मुरडत माझ्या दगडावर थेंब टाकला, तर तो फसफसायलाच लागला! “कार्बोनेट!” सर ओरडले. आवडीने कान जवळ नेला. “माझा मुका हाय गो, तुझा तर बोलतो! बदलतेस?” सकाळपासून मला तिचाच दगड हवा होता. “नाय गो!” मी माझा दगड खणात ठेवून झाकणच लावलं.