पांढरा मणी

थोरल्या सिस्टरांनी शिकाऊ नर्सांच्या हाती मण्यांची एकेक माळ दिली. “अक्षरओळख नसलेल्या बाईला ही शिकवायची. माळेवरचं हे काळं रबरी कडं रोज एक मणी पुढं सरकवायचं. पांढऱ्या मण्यावर असलं की नवऱ्याला लांब ठेवायचं, तपकिरी मण्यावर दिवस राहायची भीती नाही.” “नवरे कसले मणी बघतात, सिस्टर!” कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. त्यांच्यातल्या एकीला मात्र हसू फुटलं नाही. अशीच माळ तिच्या आईच्या उशाशी खिळ्याला टांगलेली असायची. पाचवं बाळंतपण झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अंधारात चमकणारा पांढरा मणी कड्याआड लपायचा, म्हणून चार वर्षांची ती कडं हळूच तपकिरीवर सरकवायची. पाचव्या बाळंतपणातच आई गेली. “एवढं जपूनही दिवस कसे गेले?” आजी रडायची. “कळलं का गं?” सिस्टरांनी तिला विचारलं. “कळलं,” म्हणत तिनं हातातल्या माळेचं कडं तपकिरीवरून पांढऱ्या मण्यावर परत आणलं.