काचेतलं सांबर

पौषात सांबरं माजावर येतात. १८९४ सालीही कर्जतचे वकील अप्पा टिपणीस कॅमेरा घेऊन जवळच्या कोंडाणे गावच्या रानात आले. सोबतीला नेहमीप्रमाणे गावातला धाकलू होता.

सांबर यायच्या जागी आधी धाकलूने उभं राहायचं आणि अप्पांनी काळ्या कापडात डोकं घालून, कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेत नीट दिसतंय का ते पाहायचं. त्या काचेत सगळं उलटंच दिसे.

"उलटा दिसतो ना मी, अप्पा?" धाकलू दर वेळी विचारी.

"उलटाच रे," अप्पा म्हणत, आणि दोघं हसत.

यंदा धाकलू हसला नाही. श्रावणात त्याची बायको सुंदरा गेली होती.

ऊन वर येताना एक म्हातारं सांबर ओरडत आलं. आसपास एकही मादी नव्हती.

"त्याचं बी कोणी ऱ्हायलं नाय," धाकलू कुजबुजला.

अप्पांनी काचेत पाहिलं. डोंगर उलटा होता, झाडं उलटी होती. सांबर मात्र सरळ उभं होतं. त्यांनी काच पुसली, तरी ते सरळच.

दुसऱ्या सकाळी ते तिथेच मरून पडलेलं सापडलं. अंगावर एक ओरखडाही नव्हता.

"निदान त्याचा फोटो तरी काढा," म्हणत धाकलू आपणहून त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

अप्पा कापडात शिरले. काचेत जमीन वर होती. धाकलू सरळ उभा होता आणि त्याच्या पायांखाली आभाळ होतं.

"उलटा दिसतो ना मी, अप्पा?"

"उलटाच रे," अप्पा म्हणाले, आणि कापडातून डोकं बाहेर काढेनात.