बिल्डवरचा पहारा

"ताई, परत चालवा, होईल," कौस्तुभ म्हणाला. तो आमचा मॅनेजर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. परत चालवणं हा काही इलाज नव्हे.

आमची ऑपरेटिंग सिस्टीम नव्या चिपवर आणायचं काम चालू होतं. बिल्डच्या वेळी, म्हणजे सगळा कोड जुळवून सिस्टीम तयार होत असताना, शेल, म्हणजे एकेक काम वाटून देणारा प्रोग्राम, मधूनच अडकून बसायचा. त्यामुळे एकाने स्क्रीनसमोर पहारा द्यायचा आणि बाकीच्यांनी जेवून घ्यायचं, अशी पद्धतच पडली होती.

मी शंभरदा बिल्ड चालवला. तीनदा अडकला. नऊ दिवस मी त्या तीन वेळांच्या मागे लागले, तेव्हा कळलं. शेल आधी काम सोपवायचा आणि मग ते झाल्याच्या निरोपाची वाट बघायला लागायचा. नवी चिप इतकी चपळ, की कधीकधी त्याआधीच काम संपून निरोप येऊन गेलेला असायचा, आणि शेल वाट बघतच बसायचा. मी कोडमधल्या त्या दोन ओळींची अदलाबदल केली, आधी वाट बघायला लागायचं, मग काम सोपवायचं. शंभरच्या शंभर बिल्ड पार पडले.

त्या ओळी अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिल्या होत्या.

"चूक कुणाची ते लिहू नका," कौस्तुभ हळूच म्हणाला. "प्रमोशनच्या यादीत नाव आहे तुमचं."

मी नोंदीत चुकीपुढे माझं पूर्ण नाव लिहिलं, दुरुस्तीपुढेही तेच. त्याने ते दोनदा वाचलं. मग स्वतः बिल्ड सुरू केला आणि स्क्रीनकडे पाठ करून सगळ्यांना म्हणाला, "डबे काढा. आज सगळे एकदम जेवू."