आबांचा हिरवा पेला

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झाल्यावर आबांना डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली, आणि सूनबाईंना मोबाईलनं पालकाचा रस सुचवला. "व्हिटॅमिन के असतं त्यात, आबा! हाडं टणक होतात." आबा रोज नाक दाबून पेला रिचवायचे.

दर तपासणीत रक्त घट्टच. डॉक्टर गोळी वाढवत गेले. शेवटी त्यांनी विचारलंच, "खाता-पिता काय हो?"

रसाचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, व्हिटॅमिन केनं रक्त गोठतं! गोळीनं केलेलं सगळं हा पालक धुऊन टाकतोय!"

आबांचा चेहरा उजळला. "मग आजपासून बंद ना?"

"छे! एवढ्या गोळीवर रस एकदम सोडलात तर रक्तस्राव होईल. दोन्ही हळूहळू कमी करू. तोवर प्या."

सूनबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "बघा आबा, आले की नाही डॉक्टर माझ्या मतावर?"