उतारावर उभी करून दाखवा

"इंजिन गरम कसं?" मावशींनी विकायला काढलेल्या फोर्कलिफ्टच्या झाकणावरचा तळहात उचलला. "आम्ही यायच्या आधी फिरवून ठेवलीत वाटतं. थंड असताना सुरू होते का, तेच तर बघायचं होतं."

गोदामाचा मालक हसला. "मावशी, तुम्ही तर मेकॅनिकला घरी बसवाल."

मावशी हसल्या नाहीत. मुलानं सांगितलेलं एकेक त्यांना पाठ होतं. जड खोकं उचलायला लावायचं, काटे वर तसेच धरायला सांगायचे आणि आपोआप खाली सरकतात का बघायचं. सरकत होते. साखळी बोटानं दाबायची. एका बाजूची ढिली होती. आणि या सगळ्यावर कोराकरकरीत पिवळा रंग. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मालकानं इंजिनातलं तेल मोजायची काडी ओढून सोबतच्या भावोजींना दाखवली. भावोजींनी चष्मा सावरत मान डोलावली.

"तुम्ही तरी सांगा हो यांना," मालक म्हणाला. "बायकांना उगाच शंका फार."

"मुलाच्या हाती कसली गाडी देतात, ते आईला कळायला नको?" मावशी मागच्या बाजूला गेल्या. "हा पोचा कसला?"

"होता एक झोपाळू पोरगा. हँडब्रेक न लावताच उतारावर गाडी सोडून उतरला. गेली मागं, आदळली भिंतीवर. हाकललं त्याला."

"लागलं का त्याला?"

"असेल थोडंफार. ज्याची चूक, त्यानं निस्तरायची."

मावशींनी बाहेरच्या उताराकडे बोट दाखवलं. "मग उतारावरच उभी करून दाखवा. तुम्ही स्वतः."

माल चढवायच्या उतारावर मालकानं गाडी नेली, हँडब्रेक खसकन ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी क्षणभर थबकली आणि हळूहळू मागं निघाली. त्यानं घाईनं पाय दाबला आणि गाडी सपाटीवर आणली.

"हा हँडब्रेक?" मावशी गाडीपाशी आल्या. "आणि दोष त्या पोराला?"

"अहो, एवढं काय मनावर घेता. दोन वर्षं हे असंच आहे, काम अडलंय का कधी? चाकामागं लाकडाचा ठोकळा लावायचा, झालं. ठोकळा मी फुकट देतो."

"म्हणजे तो पोरगा होता, तेव्हाही असाच?"

"तेव्हाही. मला काय माहीत नाही होय? म्हणून तर सांगतो, भिण्यासारखं काही नाही."

"ऐकलंत, भावोजी?"

"शब्द न् शब्द."

"मग पक्कं समजू?" मालक हात चोळत खाली उतरला. "मुलालाच घेऊन या. एक फेरी मारली की त्याची खात्री पटेल."

"त्याला नाही येता यायचं," मावशी म्हणाल्या. "त्या भिंतीत आणि या गाडीत त्याचा पाय गेला. तुमचा झोपाळू तो माझाच, आणि भावोजी त्याचे वकील. एकदा जरी दवाखान्यात डोकावला असतात, तर मला फाटकातच ओळखलं असतंत."