परत आलेला आवाज

सुकन्या नुसते ओठ हलवत होती. गात होती ती रंगमंचाच्या कडेला, स्वरलिपीच्या स्टँडमागे उभी असलेली दुसरी बाई. पडदा उघडण्याआधीच प्रेक्षकांना सांगितलं होतं, की नायिकेचा आवाज बसला आहे. त्या अभिनय करतील, गातील फ्राऊ बेरेन्स. जर्मनीत हे चालतं. कार्ल्सरूहेजवळच्या या छोट्या ऑपेराला तर रविवारचा प्रयोग रद्द करणं परवडणारंच नव्हतं.

संक्रांतीपासून सुकन्याच्या गळ्यातून हवेशिवाय काही निघत नव्हतं. दोन कॉन्सर्ट गेल्या, पियानोबरोबरच्या गाण्यांचा दौरा गेला. ईस्टरपर्यंत आवाज आला नाही, तर नोकरीही जाणार होती.

शेवटचं गाणं संपलं. टाळ्या थांबेनात.

ती मेकअपच्या खोलीत आली तेव्हा आई, प्रभाताई, आधीच तिथे उभ्या होत्या. हातात अर्धं खाल्लेलं ब्रेत्सल, म्हणजे पिळाचा जर्मन पाव, वर मिठाचे खडे.

"सुकू, बघ, मीठ खाल्लं!" त्या रडत रडत हसत होत्या. "तुझा आवाज येईपर्यंत अळणी जेवेन, असं देवापुढे बोलले होते. शेवटच्या गाण्याला आला की गं!"

सुकन्याने मान हलवली. दाराबाहेर बोट दाखवलं : आवाज त्या बाईंचा होता.

"चल! तिचा आवाज केवढा जाड. पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय?"

दार वाजलं. फ्राऊ बेरेन्स आत आल्या, तोंडाशी रुमाल धरून.

"अहो, तुम्ही वाचवलंत मला! शेवटच्या गाण्याआधी असा खोकला आला, की बाहेरच पळाले. आणि तुम्ही स्वतःच गायलात. काय सुंदर गायलात!" सुकन्याच्या गालाला गाल लावून त्या ट्रेन गाठायला निघूनही गेल्या.

सुकन्या आरशाकडे वळली. तोंड उघडलं. हवा. पुन्हा उघडलं. हवाच. मग तिने आईचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला.

तेवढ्यात भिंतीवरचा स्पीकर खरखरला. रंगमंचावरचं सगळं त्यातून ऐकू येतं. कुणीतरी गात होतं, वाद्यांशिवाय, एकटंच. मग स्टेज मॅनेजरचा हसरा आवाज आला : "फ्राऊ सुकन्या, पुरे आता. दिवे घालवायचेत."

गाणं थांबलं नाही.

"तुम्ही कुठे उभ्या आहात? मला दिसत नाही आहात." आता तो हसत नव्हता.

प्रभाताईंचा हात लेकीच्या गळ्यावरच होता. हाताखाली काही हलत नव्हतं.

"सुकू," त्या हळूच म्हणाल्या, "संकल्पाचं पाणी सोडताना नाव-गोत्र सांगावं लागतं. तुझं लग्न मार्कुसशी झालेलं. आता तुझं गोत्र कुठलं म्हणावं, ते मला कळेना. विचारायचं तरी कुणाला? म्हणून मी..." त्या स्पीकरकडे बघत राहिल्या. "कुणाचंच नाव घेतलं नाही गं. नुसतं म्हटलं, आवाज परत येऊ दे."

स्पीकरमधल्या आवाजाने श्वास घेतला आणि पुढचं कडवं सुरू केलं.